मौनाची नोंद

उत्तर देण्यापूर्वी विचार करावा, हा उपदेश आम्ही गेली अठ्ठावीस वर्षे वर्गात करीत आलो आहोत. शेवटची घंटा झाल्यावर ‘सर, फक्त दोन मिनिटे’ अशी याचना करणाऱ्या परीक्षार्थ्यास आम्ही सहसा विन्मुख केलेले नाही. घाईच्या उत्तरापेक्षा उशिराचे उत्तर बरे, अशी आमची श्रद्धा. या श्रद्धेस गेल्या दिवाळीत जो धक्का बसला, तो कोणा तत्त्वज्ञाने दिला नाही. एका व्हिडिओ गेमने दिला.

बंगळुरास नोकरी करणारी आमची कन्या चार दिवसांसाठी पुण्यास आली होती. फराळ आटोपल्यावर तिने टीव्हीला आपले यंत्र जोडले आणि कंट्रोलर आमच्या हाती दिला. व्हिडिओ गेम म्हणजे मोटारी पळविणे आणि माणसे मारणे, एवढीच आमची समजूत. आम्ही नाक मुरडलेले पाहून ती म्हणाली, “बाबा, यात गोष्ट आहे. आणि गोष्टीचा नायक प्रोफेसर आहे.” या दुसऱ्या वाक्याने आमचा विरोध मावळला. स्वजातीयाची हकीकत ऐकण्याचा मोह कोणास आवरला आहे?

खेळाचे नाव ‘द वॉकिंग डेड’. टेलटेल गेम्स या अमेरिकन कंपनीने तो २०१२ साली पाच भागांत प्रसिद्ध केला. नायक ली एव्हरेट हा जॉर्जिया विद्यापीठात इतिहास शिकविणारा गृहस्थ. पत्नीच्या प्रियकराचा खून केल्याबद्दल त्याला शिक्षा झालेली आहे. पोलिसांच्या गाडीतून त्याला अटलांटाबाहेर नेत असता गोष्टीस आरंभ होतो. त्याच सुमारास मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात; गाडीला अपघात होतो; आणि वाचलेल्या लीला एका ओसाड घरात क्लेमेंटाइन नावाची आठ वर्षांची मुलगी एकटी सापडते. तिचा सांभाळ करणे हेच पुढे त्याचे जीवितकार्य होऊन बसते.

या खेळात नेमबाजीपेक्षा बोलण्यास महत्त्व फार. कोणी लीला काही विचारले, की पडद्यावर उत्तरे उमटतात आणि त्यांच्यासोबत एक पट्टी आखडू लागते. ती संपण्यापूर्वी उत्तर निवडावयाचे. गाडी चालविणाऱ्या वृद्ध पोलिसाने गप्पांस सुरुवात केली. आम्ही चष्मा पुसून प्रत्येक पर्यायातील अर्थच्छटा तोलून पाहत होतो. तोच पट्टी संपली आणि ली गप्प राहिला.

“अग, आमचे उत्तर व्हावयाचे आहे,” आम्ही तक्रार केली.

“दिलंत ना, बाबा. गप्प बसलात, तेच उत्तर.”

मागाहून नीट पाहिले, तेव्हा कळले की पर्यायांत पुष्कळदा एक नुसती तीन टिंबे असतात. मौन हाही तेथे बोलण्याचाच एक प्रकार मानला आहे. आपण काही निवडले नाही, तर खेळ तो आपल्या वतीने निवडतो आणि पुढे चालू लागतो. कित्येकदा पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ उमटते: क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील.

आम्ही जन्मभर ‘हॅम्लेट’ शिकविला. आगरकरांनी १८८३ साली ज्याचे ‘विकारविलसित’ केले, त्या राजपुत्राच्या दीर्घसूत्रीपणावर आम्ही तासन् तास बोललो आहोत. त्याच्या डोक्यावर अशी पट्टी टांगली असती, तर नाटक पहिल्या अंकातच आटोपले असते, असे आम्ही थट्टेने म्हणालोही. पण म्हणताना मनात आले, की पट्टी तेथेही होती. ती फक्त हॅम्लेटला दिसत नव्हती.

पुढे एका शेतावर प्रसंग ओढवला. शेतकऱ्याचा तरुण मुलगा शॉन ट्रॅक्टरखाली अडकलेला, आणि केनी नावाच्या सोबत्याच्या लहानग्या मुलास प्रेतांनी धरलेले. दोघांपैकी कोणाकडे धावावयाचे? आम्ही शॉनकडे धावलो. लहानग्यास त्याच्या बापाने सोडविले. शॉन मात्र मेला. आम्ही हळहळू लागलो, तेव्हा कन्येने सांगितले, की आम्ही दुसरीकडे धावलो असतो तरी शॉन मेलाच असता.

“मग ही शुद्ध फसवणूक झाली!” आमच्यातील परीक्षक जागा झाला. तिने शांतपणे हिशेब मांडला. प्रत्येक वळणावर दोन वाटा धरल्या आणि त्या कोठेच एकत्र आणल्या नाहीत, तर दहा वळणांत १०२४ निरनिराळ्या गोष्टी लिहाव्या लागतील. म्हणून लेखक फुटलेल्या वाटा पुन्हा एका ठिकाणी आणतात. घडावयाचे ते बहुधा घडतेच.

“पण आता केनीकडे बघा,” ती म्हणाली. “तुम्ही त्याच्या मुलाकडे धावला नाहीत, हे तो विसरणार नाही. गोष्ट तीच राहते, माणसं बदलतात.”

हे वाक्य ती सहज बोलली. आम्हांस मात्र त्यानंतर पडद्यावरचे काही दिसेनासे झाले.

दहा वर्षांपूर्वी, तिच्या बारावीच्या निकालानंतर, याच दिवाणखान्यात बैठक बसली होती. तिने इतिहास घेऊन बी. ए. करण्याचा मनोदय सांगितला. आमचे थोरले बंधू हसले आणि म्हणाले, “इतिहास शिकून काय करणार? बापासारखी मास्तरकी?” सारे हसले. ती हसली नाही. तिने आमच्याकडे पाहिले. आमच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च याच बंधूंनी आपल्या तुटपुंज्या पगारातून केला होता. त्यांच्या शब्दापुढे शब्द काढण्याचा आमच्या घरात प्रघात नव्हता. योग्य आणि कोणास न दुखविणारे उत्तर आम्ही मनात जुळवीत राहिलो. हातातला चहा निवला. मग कोणीतरी विषय बदलला आणि ती आत निघून गेली. जुलैत तिने इंजिनियरिंगला प्रवेश घेतला. आपण काही बोललो नाही, म्हणजे आपण तिच्या मार्गात आलो नाही, असे आम्ही दहा वर्षे समजत होतो.

द्रौपदीने भरसभेत प्रश्न विचारला, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून भीष्मांनी उत्तर टाळले, याबद्दल आम्ही त्यांना वर्गात अनेकदा दोष दिला आहे. दुसऱ्याच्या मौनाचा निवाडा करणे सोपे असते.

उरलेला खेळ आम्ही तीन रात्री खेळलो. दुसऱ्या भागात भुकेलेल्या मंडळींना जंगलात खाद्यपदार्थांनी भरलेली एक बेवारशी मोटार सापडते आणि ते ती लुटतात. पाचव्या भागात त्या मोटारीचा मालक लीसमोर येऊन बसतो आणि त्याने वाटेत काय काय केले त्याचा पाढा वाचतो. त्याला हे सारे कोणी सांगितले? वायरलेसवर बोलताना खुद्द क्लेमेंटाइनने. साक्षीदार सदैव शेजारीच होती.

त्या रात्री पडदा काळा झाल्यावर आम्ही कन्येस म्हणालो, “त्या दिवशी काकांसमोर मी बोलायला हवं होतं.”

कोणता दिवस, असे तिने विचारले नाही. “हो,” एवढेच म्हणाली. थोड्या वेळाने तिने आणखी सांगितले, “कदाचित मी इंजिनियरिंगलाच गेले असते, बाबा. पण मग मी माझ्या मनाने गेले असते.”

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. परंतु या खेपेस आम्ही तसे स्पष्ट सांगितले. तीन टिंबांवर भागविले नाही.

दुसऱ्या दिवशी सामान बांधताना तिने आमच्या कपाटातून राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा एक खंड काढून पिशवीत घातला. आमची पुस्तके घराबाहेर जात नाहीत, हे सर्वश्रुत आहे. कधी परत करणार, हे विचारण्यास आमचे ओठ हललेही. पण त्याआधीच आम्ही म्हणालो, “पुढचाही ने. दोन्ही एकत्र असू देत.”

तिने तो घेतला. आता कपाटात दोन खंडांची जागा मोकळी आहे, आणि ती भरण्याची आम्हांस मुळीच घाई नाही.