हुपरीहून कुंभोजला

वाचकहो, चांदीचे पैंजण घ्यायला हुपरीला गेलात, तर कुंभोजलाही जाऊन या. दोन्ही गावं हातकणंगले तालुक्यातलीच. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोजात जन्मले.

कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहत. शाहू महाराजांच्या काळी तिथं जातवार बोर्डिंगं निघाली. शेतकऱ्याच्या पोराला शहरात पाठ टेकायला जागा झाली, ही गोष्ट काही लहान नव्हे! पण पंगत ज्याची त्याची. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, त्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर ‘आंघोळ करून आत या’ म्हणून सांगणं झालं. ते ऐकेनात. बोर्डिंग सुटलं.

पुढं १९२४ साली साताऱ्यात त्यांनी स्वतःच बोर्डिंग काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं मिळून रांधत आणि एकाच पंगतीला बसत.