ॲम्स्टरडॅमचे तीन बहिष्कृत

कडक आचारधर्म सोडून बाहेर पडणाऱ्या माणसांच्या स्वभावधर्माचा अभ्यास करताना माझे मन वारंवार सतराव्या शतकातील ॲम्स्टरडॅमकडे वळते. कारण जमात एक, पंच एक, बहिष्काराचा कायदा एक, आणि तरीही बहिष्कृतांच्या वर्तनात जमीन-अस्मानाचे अंतर, असा योग इतिहासात क्वचितच जुळून येतो. स्पेन-पोर्तुगालात ज्यांच्या पूर्वजांवर ख्रिस्ती धर्म लादला गेला होता, त्या कुटुंबांनी हॉलंडात येऊन आपला यहुदी धर्म नव्याने शिकून घेतला होता, आणि कष्टाने परत मिळविलेल्या या ठेव्याला कोणी तडा देऊ लागला की पंच ‘हेरेम’चा, म्हणजे वाळीत टाकण्याचा, हुकूम काढीत.

ऊरिएल दा कोस्टा हा पोर्तोचा. कोइंब्रा विद्यापीठात त्याने ख्रिस्ती धर्मकायद्याचे अध्ययन केले, चर्चची खजिनदारी सांभाळली, आणि पुढे मोशेचे ग्रंथ वाचता वाचता इन्क्विझिशनच्या मुलखातून घरदार सोडून तो यहुदी धर्मात आला. पण येथे त्याला आढळले की प्रत्यक्ष आचार ग्रंथाबरहुकूम नसून रब्बींच्या परंपरेने घडविलेला आहे, आणि ते त्याने उघडपणे मांडले. 1624 मध्ये त्याचे पुस्तक जाळण्यात आले. तो समेट करून परत आला, पुन्हा वाळीत पडला, आणि अखेर 1640 मध्ये सिनेगॉगमध्ये भरल्या सभेपुढे कबुलीजबाब वाचून, 39 फटके सोसून, दारात आडवा पडला असता लोक त्याला ओलांडून बाहेर गेले. त्यानंतर लवकरच त्याने स्वतःवर पिस्तूल झाडून घेतले. लोक त्याला बंडखोर म्हणतात. मला मात्र तिघांमध्ये सर्वांत धार्मिक प्रकृती त्याचीच वाटते. जो निरपवाद सत्याचा आग्रह त्याला एका धर्मातून दुसऱ्यात घेऊन आला, त्यानेच त्याला तेथूनही बाहेर काढले. आणि ज्या पंचांचा अधिकार त्याने नाकारला, त्यांच्याच तोंडून आपण खरे असल्याचा निवाडा ऐकण्याची ओढ त्याला सुटली नाही. अशा माणसाची सुटका किती कठीण असते, याचा विचार करताना आजही माझे मन विषण्ण होते.

स्पिनोझाची गोष्ट ठाऊकच आहे. 27 जुलै 1656 रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याच्याशी कोणी बोलू नये, एका छपराखाली राहू नये, त्याने लिहिलेले काही वाचू नये, असे फर्मान निघाले. त्याने परतीची खटपट केली नाही, दुसरा धर्मही स्वीकारला नाही, आणि भिंगे घासून साधेपणाने राहत विचार चालू ठेवला. मात्र या स्वस्थतेचे सारे श्रेय स्वभावाला देण्यास मी तयार नाही. त्याचे आईबाप निवर्तले होते, त्याच्यावर बायकोमुलांचा भार नव्हता, आणि जमातीबाहेरच्या ख्रिस्ती मित्रमंडळींत त्याला जिव्हाळ्याची माणसे लाभली होती.

तिसरा हुआन द प्रादो हा वैद्य. आणि याचाच विचार आपण सर्वांत कमी करतो. त्याची श्रद्धा बहुधा स्पिनोझाइतकीच ढळलेली होती. 1656 मध्ये त्याने माफी मागितली, तरीही पुढे त्याच्यावर बहिष्कार पडला. ॲम्स्टरडॅमला जाऊन आलेल्या एका धर्मगुरूने 1659 मध्ये माद्रिदच्या इन्क्विझिशनपुढे जबानी दिली, तीत या दोघांची हकीकत आहे: सिनेगॉगकडून मिळणारी मदत आणि इतर यहुद्यांशी असलेला व्यवहार तुटल्याचे त्यांना दुःख होते. स्पिनोझाच्या पुढील आयुष्यात या दुःखाचा माग लागत नाही. प्रादोच्या बाबतीत तोच त्याच्या वागण्याचा गाभा आहे. त्याला भीरू किंवा दांभिक म्हणणे मला घोर अन्याय वाटतो. सिद्धान्त नाहीसा झाला तरी सणाची पंगत, आजारपणातील विचारपूस, मृताला खांदा देणारी माणसे यांची गरज नाहीशी होत नाही. आणि धर्म सोडणाऱ्यांत बहुसंख्य माणसे याच जातीची असतात. पंचांनी प्रादोला जमातीच्या खर्चाने सहकुटुंब समुद्रापार, यहुदी धर्म चालतो अशा एखाद्या मुलखात पाठविण्याची तयारी दाखविली होती. ती त्याने नाकारली, आणि बहिष्कार उठविण्यासाठी तो अर्ज-विनंत्या करीत राहिला.