वॉर्सातला १ नोव्हेंबर

पोलंड समजून घ्यायचा तर आधी दफनभूमीत जावं, असं सांगितलं तर कुणालाही नवल वाटेल. पण १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, अख्खा देश तिकडेच निघालेला असतो. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते.

वॉर्साची पोवाँस्की दफनभूमी १७९० सालची. घरची माणसं आधी थडग्यावरची पानं झाडतात, दगड पुसतात, शेवंतीच्या कुंड्या मांडतात. मग काचेच्या झाकणदार दिव्यांतून मेणबत्त्या पेटतात. ज्याचं कुणी उरलं नाही, त्याच्याही थडग्यावर एखादा दिवा आवर्जून लावला जातो. फाटकाबाहेर कागदात गुंडाळलेली, गुलाबी-पांढरी, चिवट ‘पान्स्का स्कुर्का’ ही मिठाई विकायला असते. पोरांची चंगळ!

आत नामवंत नट-नट्या डबे घेऊन वर्गणी गोळा करतात. संगीतसमीक्षक येझी वाल्डोर्फ यांच्या पुढाकाराने १९७५ पासून हा उपक्रम सुरू झाला. त्या पैशांतून जुन्या समाध्यांची डागडुजी होते.

पोलिश थडगी आपल्या महाराष्ट्रातही आहेत. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांतल्या काहींची थडगी कोल्हापुरातच आहेत. पोलंडला निघण्याआधी मराठी माणसाने ती एकदा जरूर पाहून यावीत.