निळी पिशवी

माझ्याकडे ट्रेकच्या सामानाची एक एक्सेल शीट आहे. प्रत्येक वस्तूचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून त्यात भरलेलं. टूथब्रश १४ ग्रॅम. (हो, मी त्याची दांडी कापली होती. हसून घ्या.) मित्रमंडळींत कुणाला सॅक घ्यायची असली, बूट घ्यायचे असले, की फोन मला येतो. आणि खरं सांगायचं तर तो फोन आला की मला बरं वाटतं.

बाबांची गोष्ट वेगळी. ते कॉलेजात असताना गडांवर जायचे ते एक चादर, कांदे-बटाटे आणि एक पातेलं घेऊन. राजगडावर पद्मावतीच्या देवळात चौघांत दोन चादरी, हा किस्सा आमच्या घरात दर दिवाळीला होतो. माझी शीट बघून ते म्हणायचे, "अगं, आम्ही एवढं मोजलं असतं तर गडावर पोचलोच नसतो."

ते रिटायर झाले आणि एक दिवस चहा पिताना म्हणाले, "एकदा बर्फ बघायचाय. पण गाडीतून उतरून नाही, चालत जाऊन." त्याच रात्री मी केदारकंठा बुक केला. उत्तराखंडात सांक्री गावातून सुरू होणारा, सुमारे १२,५०० फुटांचा, डिसेंबरातही करता येणारा ट्रेक. नवख्यांसाठी चांगला म्हणतात.

बाबांना बूट घेतले, थर्मल घेतले, लोकरीचे मोजे घेतले. माझी स्लीपिंग बॅगही नवी घेतली, साडेअकरा हजारांची, कारण मला ती दोन वर्षं घ्यायचीच होती. बाबांसाठी बघायला गेले तेव्हा तेच म्हणाले, "कशाला? तुझी जुनी आहे की माळ्यावर."

होती. निळी, फुटबॉलपेक्षा थोडी मोठी, पट्ट्या आवळून गच्च केलेली. तीन वर्षं तशीच पडलेली. लेबलवर उणे पाच लिहिलेलं. मी खाली काढली, धूळ झटकली आणि सॅकला बांधली. उघडून पाहिली नाही.

इथे थोडं तांत्रिक बोलते, कारण पुढची रात्र त्यावर उभी आहे. स्लीपिंग बॅग ऊब तयार करत नाही. शेगडी म्हणजे तुमचं अंग. बॅग फक्त ती ऊब कोंडून ठेवते, आणि तेही आतल्या पिसांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. डाउन म्हणजे बदकाची किंवा हंसाची छातीकडची मऊ पिसं. ती फुलली की हवा धरतात, ओली झाली किंवा वर्षानुवर्षं दाबून ठेवली की फुलायचं विसरतात. म्हणून पावसाळी सह्याद्रीत डाउन नेणं हा वेडेपणा. तिथे सिंथेटिक बरी, जड असली तरी. आणि एरवीही हिवाळ्यातल्या एखाद्या रात्रीसाठी हरिश्चंद्रगडावर हजारोंची बॅग लागत नाही, साधी चालते.

लेबलचं गणित आणखी मजेशीर आहे. आयएसओ २३५३७ नावाच्या मानकानुसार एकाच बॅगेला तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे साधारण बाई सैल पडून झोपू शकेल ते तापमान. लिमिट म्हणजे साधारण पुरुष अंग मुडपून कसाबसा झोपेल ते. एक्स्ट्रीमला झोपेचा प्रश्नच नाही, जिवाचा आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुतेकदा कम्फर्ट सोडून दुसरा आकडा असतो. माझ्या बॅगवरचं उणे पाच हे लिमिट होतं. हे मला माहीत होतं. कितीतरी जणांना मी हे समजावून सांगितलंय.

बेस कॅम्पवर रात्री आठला तंबूतलं थर्मामीटर उणे सहा दाखवत होतं. पहाटे तीनला शिखराकडे निघायचं होतं. दीडच्या सुमारास मला जाग आली ती कसल्यातरी घासण्याच्या आवाजाने. बाबा पायावर पाय घासत होते.

"थंडी वाजतेय का?"

"नाही गं. मला या वेळी जाग येतेच. तू झोप."

आणि मी झोपले. माझ्या बॅगेत मस्त ऊब होती.

तीन वाजता किचन तंबूत बाबांनी चहाचा पेला उचलला आणि तो हातातून सुटला. दुसरा दिला, तोही धरता येईना. गाईडने त्यांना नाव विचारलं, गाव विचारलं. बाबांनी उत्तरं बरोबर दिली, पण दारू प्यायलेल्या माणसासारखी, शब्द ओढत. गाईड माझ्याशी काहीच बोलला नाही. त्याने बाबांचे मोजे काढले, कोरडे घातले, दोन ब्लँकेटांत गुंडाळलं, गरम पाण्याची बाटली काखेत दिली आणि साखर घातलेलं कोमट पाणी घोट घोट पाजलं. तासाभराने ते कापायला लागले तेव्हा तो म्हणाला, आता ठीक आहे. उजाडल्यावर खाली जायचं.

उतरताना बाबा मला म्हणाले, "माझ्यामुळे तुझं शिखर गेलं." मी त्यावर काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

त्या रात्री जुडा का तालाबपाशी मुक्काम होता. बाबांना माझ्या बॅगेत घातलं आणि मी निळीत शिरले. शिरल्या शिरल्या कळलं. पिसांचे गोळे होऊन ती कप्प्यांच्या कोपऱ्यांत जाऊन बसली होती. मधल्या जागेत कापडावर कापड, बस. खांद्यापाशी बोटं लावली तर बाहेरचा गारवा थेट लागत होता. खालून तर विचारूच नका: बॅग कितीही भारी असली तरी अंगाखालची पिसं वजनाने चेपतातच, तिथे चटईवर सगळी भिस्त. आणि बाबांना मी दिली होती पातळ फोमची चटई, कारण हवा भरायची जाड चटई एकच होती आणि ती माझी होती. हा कॅम्प बेसपेक्षा खाली, म्हणजे थंडी कमी. तरी मी सगळे कपडे घालून, बुटांच्या पिशवीत पाय खुपसून पहाटेपर्यंत घड्याळ बघत होते. शेजारी बाबा घोरत होते. इतका बरा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलं. तिला एक्स्ट्रीम-बिक्स्ट्रीम काही कळलं नाही. तिने एवढंच विचारलं, "तीन वर्षांत एकदा तरी ऊन दाखवलंस का तिला?" आमच्या घरातल्या गोधड्या दरवर्षी पावसाळा संपला की गच्चीवर पडतात, उलट्या-सुलट्या होतात, मगच घडीला जातात. तेही सैल.

मग मी आणि आजीने निळी पिशवी सौम्य साबणाच्या पाण्यात धुतली, न पिळता दाबून पाणी काढलं आणि चार दिवस गच्चीवर वाळवली. ओल्या डाउनला वास येतो, भिजलेल्या कोंबडीसारखा. आजी रोज दुपारी वर जाऊन एकेक गोळा बोटांनी मोकळा करायची, शेंगा सोलाव्यात तशी. थोडी फुलली. पूर्वीसारखी नाही. आता ती कपाटात हँगरला लटकते.

बाबांनी या ऑक्टोबरात स्वतःची बॅग घेतली. दुकानात गेलो तेव्हा विक्रेता मला आकडे सांगायला लागला, बाबांनी त्याला थांबवलं, "मला सांगा. आणि कम्फर्टचा आकडा सांगा, दुसरा नको." मग चपला काढून, साठीचा माणूस, दुकानाच्या मधोमध फरशीवर बॅग पसरून आत शिरला, चेन नाकापर्यंत ओढली आणि डोळे मिटून पडून राहिला. दोन पोरं हसत बाजूने गेली. मी त्यांच्या पायाशी बसून राहिले, ते उठेपर्यंत.