परमुलखातील भाड्याची मोटार

मोटार भाड्याने घेणे आपल्याकडे काही नवे नाही. घरात लग्नकार्य असो, आजाऱ्यास बेळगावच्या इस्पितळात न्यावयाचे असो, की जुन्या गोव्याच्या फेस्तास जावयाचे असो, गावातील कोणाची तरी जीप आपण ठरवितोच. परंतु त्या मोटारीबरोबर तिचा चालकही येतो. वाटेत चाक पंक्चर झाले किंवा दारास ओरखडा गेला, तर तो जाणे आणि त्याचा मालक जाणे. आपण झाडाखाली बसून शिदोरी सोडावयास मोकळे. परमुलखात मात्र निराळा प्रकार असतो. तेथे किल्ली आपल्याच हाती देतात, कागदावर आपली सही घेतात, आणि त्या घटकेपासून त्या मोटारीचे जे काही बरेवाईट होईल त्याचे धनी आपण होतो. हा धडा आम्ही जरा महाग शिकलो. तो आपल्या वाचकांस सांगितला, तर कोणाच्या तरी उपयोगी पडेल, या हेतूने हे लिहीत आहोत.

सन २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही उभयतां पोर्तुगालला गेलो होतो. लिस्बनला आमची पुतणी नोकरीनिमित्त राहते. फातिमाच्या माउलीचे दर्शन घ्यावे, ही आमची पुष्कळ वर्षांची इच्छा. लिस्बनपासून फातिमा सुमारे सव्वाशे किलोमीटर, आणि तेथे जावयास बसगाड्याही चांगल्या. पुतणीने पहिल्याच दिवशी सांगितले, "काका-काकू, बसने जा. दीड तासात पोचाल." परंतु आम्हांला बाताल्याचा मठ पाहावयाचा होता, तोमारचा गड पाहावयाचा होता, आणि मधली खेडीपाडी, त्यांची शेते, ऑलिव्हची झाडे हेही पाहावयाचे होते. शिवाय खरे कारण सांगावयाचे तर, तीस वर्षे चोर्ल्याच्या घाटातून पावसापाण्यात मोटार हाकल्याचा अभिमान आमच्या डोक्यात होता. ज्यांनी चोर्ला पाहिला, त्यांना पोर्तुगालचे गुळगुळीत रस्ते काय भिववणार! गर्वाचे घर खाली असते, हे त्या वेळी आठवले नाही.

कागदपत्रांची तयारी आम्ही घरूनच केली होती. आपल्या परवान्यावरून आपलेच आर.टी.ओ. कार्यालय आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना देते. तो एक वर्ष चालतो, आणि त्याच्याबरोबर मूळ परवानाही जवळ बाळगावा लागतो. जो मोटार चालविणार, त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड दुकानात दाखवावे लागते. दुकानदार अनामत म्हणून त्या कार्डावरील काही रक्कम अडकवून ठेवतो आणि मोटार सुखरूप परत आल्यावर मोकळी करतो. दुसऱ्या कोणाला मोटार चालवावयाची असेल, तर त्याचेही नाव कागदावर नोंदवावे लागते. नोंद नसलेल्या माणसाच्या हातून अपघात झाला, तर विमा हात वर करतो.

विम्याचे प्रकरण नीट समजून घेण्याजोगे आहे. मोटारीस विमा असतो, हे ऐकून आपण निर्धास्त होतो. परंतु नुकसानीची पहिली ठराविक रक्कम भाडेकऱ्यानेच सोसावयाची, त्यावरील भार विम्याने उचलावयाचा, अशी ती रचना असते. शिवाय काच, टायर आणि मोटारीचा तळ या गोष्टी पुष्कळदा त्या विम्याच्या बाहेरच राहतात. ती पहिली रक्कमही माफ व्हावी, असे वाटत असेल तर रोजचे आणखी पैसे भरावे लागतात. "आपण काय मोटार ठोकणार आहोत?" असे म्हणून ते पैसे आम्ही वाचविले.

मोटार ताब्यात घेताना मात्र आम्ही एक शहाणपणा केला. पुतणीने बजावून ठेवल्याप्रमाणे आम्ही मोटारीभोवती दोन फेऱ्या घातल्या आणि चारी बाजूंची छायाचित्रे फोनवर काढून घेतली. तेव्हा मागच्या चाकाच्या वरच्या बाजूस एक पोचा आढळला. दुकानाच्या कागदावर त्याची नोंद नव्हती. आम्ही कारकुनास बोलावून तो दाखविला. तो वाकून पाहू लागला, जरासा ओशाळला, आणि कागदावरील मोटारीच्या चित्रावर त्याने तेथे खूण केली. आमच्या आधीच्या कोणा गिऱ्हाइकाने तो पोचा पाडला होता आणि मुकाट्याने किल्ली टाकून निघून गेला होता. "पाहा, त्याचे पाप आपल्या माथी आले असते!" असे आम्ही मोठ्या तोऱ्यात एकमेकांस म्हणालो.

आता रस्त्याचे सांगतो. पोर्तुगालात वाहने उजव्या बाजूने चालतात. १९२८ सालापर्यंत तेथेही आपल्यासारखी डावी बाजू होती. त्या साली ती बदलली. मात्र त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यात डावी बाजूच कायम राहिली, कारण गोव्याच्या सीमेपलीकडे सारी वाहतूक डाव्या बाजूने होती. एकाच राजवटीत दोन ठिकाणी दोन रीती! या गोष्टीचे आम्हांला तेथे वारंवार स्मरण होई, कारण हाताला जडलेली सवय सुटता सुटत नव्हती. पहिल्या दिवशी आम्ही तीनदा उजवीकडचे दार उघडून चालकाच्या जागेवर बसावयास गेलो आणि समोर सुकाणूच दिसेना. वळताना दिवा दाखवावयास हात जाई, तो काच पुसण्याची काडी कोरड्या काचेवर खर्र खर्र नाचू लागे. कारण आमच्या घरच्या मोटारीत जो दांडा उजवीकडे, तो तेथे डावीकडे. गिअर उजव्या हाताने टाकावयाचा. हे सारे दोन तासांत अंगवळणी पडते. परंतु एक गोष्ट पडत नाही. चालक डावीकडे बसला, की मोटारीचा सारा देह त्याच्या उजवीकडे पसरलेला असतो. आपल्या मनाला मात्र तो डावीकडे आहे असे वाटत राहते, आणि नकळत मोटार उजव्या कडेला झुकते. चालकाशेजारी बसणाऱ्याने "उजवीकडे फार जाते आहे," असे सतत सांगत राहावे, हाच त्यावर उपाय.

बाकीचे नियम सोपे आहेत. महामार्गावर ताशी १२०, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर ९० आणि वस्तीत ५० किलोमीटर ही वेगाची कमाल मर्यादा. चौकाचौकांत वर्तुळे असतात. त्यांत उजवीकडे वळून शिरावयाचे, आणि आत असलेल्या वाहनांस आधी जाऊ द्यावयाचे. जेथे कोणतीच पाटी नसेल, तेथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. महामार्गाच्या टोलनाक्यांवर हिरव्या खुणेची जी मार्गिका असते, तीत ज्यांच्या काचेवर टोलचे यंत्र बसविलेले असेल त्यांनीच जावयाचे. आमच्या मोटारीस ते यंत्र भाड्याने मिळाले होते. तेलाच्या पंपावर मात्र सावध राहावे. तेथे डिझेलला गाझोलिओ म्हणतात आणि पेट्रोलला गाझोलिना. घाईत एकाच्या जागी दुसरे भरले, तर इंजिनाचे नुकसान होते. पेट्रोलच्या नळीवर वर्तुळाची खूण असते, डिझेलच्या नळीवर चौकोनाची. ती पाहूनच हात घालावा.

फातिमाचे दर्शन मनाजोगते झाले. त्या विस्तीर्ण पटांगणात गुडघ्यांवर चालत जाणारी माणसे पाहून आमचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी बाताल्याचा मठ पाहिला. १३८५ सालच्या लढाईतील विजयाबद्दल कृतज्ञता म्हणून राजाने तो बांधावयास घेतला होता. तिसऱ्या दिवशी तोमारकडे निघालो. ११६० साली टेंपलर योद्ध्यांनी तेथे गड बांधावयास प्रारंभ केला. फातिमाहून ते गाव जेमतेम तीसएक किलोमीटर. मुख्य रस्ता सोडून आतल्या खेड्यांतून जावे, अशी लहर आम्हांला आली आणि तेथेच घात झाला.

एका खेड्यात दोन दगडी घरांमधून रस्ता एकदम अरुंद झाला. आमच्यांतील एकजण चालवीत होता, दुसरा वाट सांगत होता. एकाने विचारले, "जाईल का?" दुसऱ्याने सांगितले, "जाते, जाते." आणि उजव्या बाजूने असा काही आवाज आला, की आमच्या अंगावर काटा उभा राहिला. उतरून पाहिले. भिंतीस काही झाले नव्हते. तिने अशा कितीतरी मोटारी पाहिल्या असतील. आमच्या मोटारीच्या मागच्या दाराखाली मात्र हातभर लांबीचा ओरखडा उठला होता आणि पत्रा दबला होता.

चूक कोणाची, यावर तोमारपर्यंत वाद झाला. चालविणाऱ्याची, की वाट सांगणाऱ्याची? संध्याकाळी वाद मिटला, तो समेटाने नव्हे. एका नव्या विचाराने आम्ही दोघेही गप्प झालो. ओरखडा खालच्या बाजूस होता. मोटार धुळीने माखली होती. परत करताना किल्ली पेटीत टाकून विमानतळावर निघून जाण्याची सोय होती. कोणाच्या ध्यानात येणार? आले तरी, कोणी केले हे कोण सांगणार? हा विचार आधी कोणाच्या मुखातून निघाला, हे आम्ही येथे सांगत नाही. कारण दुसऱ्याच्या मनातही तो आलेलाच होता.

त्या रात्री झोप लागली नाही. आम्हांला आमच्या थोरल्या बाबांची बैलगाडी आठवली. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी त्या काळी गाडी असलेली घरे मोजकी होती. सुगीत जो मागेल त्याला ती मिळे. एकदा कोणी तरी ती भात वाहावयास नेली आणि अंधार पडल्यावर अंगणात आणून सोडली. चाकाचा एक आरा मोडला होता; नेणाऱ्याने तो सुंभाने बांधून वर चिखल फासला होता. दुसऱ्या दिवशी भरली गाडी बाजारास निघाली, उतारावर चाक बसले आणि बैलाचा पाय कायमचा अधू झाला. थोरले बाबा पुढे अनेक वर्षे एवढेच म्हणत, "आरा मोडला याचे मला काही नाही. सांगितले असते, तर दुसरा बसविला असता."

आमच्या मागून ती मोटार कोण घेणार होते? असेच कोणी तरी म्हातारे जोडपे, घाईत, छायाचित्रे न काढता. आमचा ओरखडा त्यांच्या नावावर लागला असता. तीन दिवसांपूर्वी ज्या अनोळखी माणसास आम्ही दोष देत होतो, त्याच्या जागी आता आम्ही उभे होतो. पहाटे आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि काही न बोलता गोष्ट ठरून गेली.

परतीच्या वाटेवर प्रथम मोटार धुवून घेतली, म्हणजे ओरखडा स्पष्ट दिसावा. नंतर टाकी काठोकाठ भरली. भरलेली मोटार नेली, तर ती भरूनच परत द्यावयाची, असा तेथील करार असतो. आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत देत नाहीत, मूठभर काही तरी घालून देतात, त्याची आम्हांला आठवण झाली. विमानतळावर आम्ही किल्ली पेटीत टाकली नाही. रांगेत उभे राहिलो आणि कारकुनास मोटारीपाशी नेले.

त्याने शाबासकी दिली नाही आणि रागावलाही नाही. त्याने छायाचित्र काढले, तक्ता पाहिला आणि आमच्या कार्डातून साडेतीनशे युरो वजा केले. त्या वेळच्या हिशेबाने ते सुमारे तीस हजार रुपये झाले. घराच्या मागच्या पडवीचे छप्पर उतरवून नवे करण्यासाठी ठेवलेले ते पैसे होते. ते काम एक वर्ष लांबणीवर पडले आणि २०२४ चा पावसाळा आम्ही पडवीत बादल्या ठेवून काढला. त्या टपटपीचा कधी कधी कंटाळा येई. पण झोप मात्र शांत लागे.

आज आपल्या गावोगावची मुले परदेशी गेली आहेत आणि आईबापांस बोलावून घेत आहेत. तेथे मोटार घेण्याचा प्रसंग आला, तर एवढे करावे. कागद वाचल्यावाचून सही करू नये. जुनी खोड दिसल्यास तिची नोंद करवून घ्यावी, आणि छायाचित्रे जपून ठेवावी. वरचा विमा परवडत असेल तर घ्यावा. अरुंद गल्ली दिसली, तर मोटार बाहेर ठेवून पायी जावे. मोटार परत देताना पावती घ्यावी. टोल आणि दंड यांची मागणी कधी कधी काही महिन्यांनी कार्डावर येते. आणि आपल्या हातून काही मोडले, तर ते आपल्या तोंडाने सांगावे. दुसऱ्याची वस्तू जपून वापरणे आपल्या हाती नेहमीच असते असे नाही. ती खरे सांगून परत करणे मात्र नेहमीच असते.