घोडीचं अंथरूण

गेल्या दत्तजयंतीला आबांनी तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारातून वरातीसाठी घोडी आणली. दिवाळीच्या सुटीत मी हुशारी केली. वखारीतून लाकडाचा भुसा फुकट आणून तिच्याखाली पसरला. अगदी पिठासारखा मऊ, आमच्या होस्टेलच्या गादीपेक्षा बरा! चौथ्या दिवशी घोडी खोकायला लागली, आणि लग्नसराई तोंडावर.

डॉक्टर म्हणाले, "घोडा तोंडाने श्वास घेत नाही बाबा, सगळी धूळ नाकानेच ओढतो. बुरशीचं काड तर त्याहून वाईट. त्यात मुताचा अमोनिया."

आबा एवढंच बोलले, "तुले कॉलेजमा हाईच शिकाडतस का?"

भुसा काढून गव्हाचं कोरडं काड टाकलं. ओली जागा रोज सकाळी मीच उपसायचो. खोकला थांबेपर्यंत दोन वराती दुसऱ्याकडे गेल्या. त्याच पैशांतून माझी मेस भरायची होती.