धूर येतो का?

सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन मात्र धरत नाही. पिंपळगावला कांदा भरून उभी असलेली गाडी पहाटे अशी अडली, की आधी व्यापाऱ्याचा फोन येतो आणि मग सल्लागार जमतात. गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या जुन्या सहाचाकीचं हे सुरू झालं. रोज अडली असती तर बरं; ही अधूनमधून अडायची. त्यात दुसरी तक्रार अगदी उलटी. वाशीला माल उतरवून झाला, की कधीकधी स्टॉपची केबल पूर्ण ओढूनही इंजिन धडधडतच राहायचं. मग ब्रेक दाबायचा, वरचा गिअर टाकायचा आणि हळूहळू क्लच सोडून त्याचा श्वास कोंडायचा.

बॅटरीवाला म्हणाला, बॅटऱ्या गेल्या. पंपवाला म्हणाला, पंप उतरवा, नोझल काढा, सगळं टेस्टला लावू. ज्याच्या दुकानात जे विकायला, तोच बिघाड! बॅटरीचं मला पटेना. गाडी 24 व्होल्टची, 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या. त्या उतरल्या किंवा अर्थिंगची वायर सैल झाली, तर सेल्फ जड फिरतो, नाहीतर नुसता टक्‌ करून गप्प बसतो. आमचा तर भिंगरीसारखा फिरत होता.

आडगाव नाक्याजवळ एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. म्हणाले, “शेठ, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?”

धुराकडे कोण बघतं? क्लीनरला मागे उभं केलं आणि सेल्फ मारला. धूर नावालाही नाही.

“मग इंजिनाला कशाला शिव्या देता? त्याला डिझेलच पोचत नाही.”

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने डिझेल पेटतं. सेल्फ फिरताना पांढरा धूर निघाला, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. मग इंजिनाचा दाब, टायमिंग, थंडी बघायची. धूरच नसेल तर अडचण टाकी ते नोझल यांच्यामध्ये कुठेतरी. एका प्रश्नात निम्मी गाडी तपासून झाली.

पहिला संशय लाइनमध्ये हवा शिरल्याचा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे तिथे बारीक चीर असली तरी बाहेर थेंब दिसत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. गाडी रात्रभर उभी राहिली की डिझेल मागे उतरतं आणि सकाळी पंप कोरडा. चाचांनी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल केला आणि क्लीनरला हँडपंप मारायला लावला. डिझेल सलग आलं, बुडबुडा नाही. म्हणजे हवा नव्हती.

मग ते पंपावर वाकले आणि स्टॉपचा लिव्हर बोटाने ढकलून पाहिला. केबल पूर्ण आत सारलेली होती, तरी लिव्हर अर्ध्यावरच अडकलेला. गाडी चालू करायला निघालेलो आम्ही, आणि पंप आपला बंदच्या हुकमावर बसलेला! केबलच्या आवरणात पावसाचं पाणी आणि चिखल जाऊन गंज धरला होता. लिव्हर मागे खेचणारी स्प्रिंगही मेलेली. हाताने लिव्हर मागे सारून धरला, सेल्फ मारला, आणि इंजिन लगेच बोललं.

न थांबण्याचं कारणही तिथेच होतं. केबलची तार लिव्हरपाशी स्क्रूखाली घसरत होती. जोर लावला की तारच सरकायची, लिव्हर शेवटपर्यंत जायचाच नाही आणि थोडं डिझेल चालूच राहायचं. आम्ही ज्यांना दोन आजार समजत होतो, ते एकाच केबलच्या दोन टोकांना होते. केबल, स्प्रिंग आणि स्क्रू नवे टाकले. पंप जागचा हलला नाही.

प्रदूषणाच्या नियमांत 2017 पासून देशभर बीएस-4 आणि 2020 पासून बीएस-6 आलं. त्या बहुतेक नव्या गाड्यांत डिझेल सोडणं-तोडणं कॉम्प्युटर बघतो, तिथे स्कॅनर लावावाच लागतो. पण मेकॅनिकल पंपाचे ट्रक आजही रस्त्यावर पुष्कळ आहेत. त्यांच्या एअर क्लीनरपाशी पेट्रोलचा बोळा धरून गाडी उठवणारे बहाद्दरही आहेत. तो प्रकार कुणी करू देऊ नये. भडका उडाला तर इंजिनासकट माणूस जायचा.

चाचांचा प्रश्न जुना ट्रक घेतानाही कामाला येतो. बघायला जाल तेव्हा मालकाला फोनवर आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करा. सेल्फ मारताना एक माणूस धूर बघायला मागे उभा करा, आणि चालू झालेली गाडी स्वतः बंद करून पाहा. भावाचं बोलणं त्यानंतर.